रक्तवाहिन्या कुणाच्या हुकमाने वाढतात?

सिएटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टनच्या पलीकडच्या काठावर बेलव्ह्यू वसलं आहे. वस्ती दीड लाखाच्या आसपास. शेजारच्या रेडमंडमध्ये मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय, गावातल्या उंच इमारतींत ॲमेझॉनची कार्यालयं. पुण्या-मुंबईकडची, नाशिक-नागपूरकडची कितीतरी मुलं-मुली इथे नोकरीला आहेत, आणि त्यांच्यामागोमाग सहा-सहा महिन्यांच्या मुक्कामाला त्यांचे आईवडील येतात. क्रॉसरोड्स मॉलमध्ये जमिनीवर मांडलेल्या भल्यामोठ्या बुद्धिबळाच्या पटाशेजारी, लार्सन तळ्याजवळच्या ब्लूबेरीच्या मळ्यांच्या कडेच्या पायवाटांवर ही मंडळी दिसतात. त्यांच्या सामानात भाजणी आणि गोडा मसाला असतोच, पण त्याहून जपून आणलेली एक पिशवी असते ती सहा महिन्यांच्या गोळ्यांची. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, रक्तदाबाची एखादी, कोलेस्टेरॉलसाठी रोसुव्हास्टॅटिन. आणि काहींच्या पिशवीत, बहुधा त्या रोसुव्हास्टॅटिनच्याच गोळीत मिसळलेलं, फेनोफायब्रेट.

फेनोफायब्रेट डॉक्टर देतात ते ट्रायग्लिसराइड वाढलेत म्हणून. घेणाऱ्यालाही तेवढंच माहीत असतं. पण हे औषध ज्या रेणूला जाऊन चिकटतं तो रेणू पेशीच्या केंद्रकात बसलेला असतो, आणि डोळ्याच्या पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटू द्यायच्या की नाही यातही त्याचा हात असतो. अशा रेणूंच्या सगळ्या कुळाला न्यूक्लिअर रिसेप्टर म्हणतात. मधुमेह ज्या घरात आहे अशा प्रत्येक घराला या कुळाची ओळख असायला हवी असं मला मनापासून वाटतं. म्हणजे आपल्याकडे कितीतरी घरांना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही आहेत.

०००

आधी रक्तवाहिन्यांबद्दल. गर्भात असताना त्यांचं जाळं झपाट्याने विणलं जातं. मोठेपणी मात्र हे काम जवळजवळ थांबतं. वाहिनीच्या आतल्या भिंतीच्या पेशी वर्षानुवर्षं न विभागता तशाच राहतात. जखम भरताना, गर्भारपणात, व्यायामाने स्नायू घडताना त्या जाग्या होतात, फांद्या फुटतात, आणि काम झालं की पुन्हा शांत होतात. ही शिस्त बिघडली की दोन्हीकडून संकट येतं. नको तिथे वाहिन्या वाढल्या की गाठीला रक्तपुरवठा मिळून कर्करोग फोफावतो, डोळ्यात रक्तस्राव होतो. हव्या तिथे वाढल्या नाहीत की हृदयाचा स्नायू उपाशी राहतो, पायाची जखम चिघळते, बोटं काळी पडतात.

मधुमेह्याच्या शरीरात ही दोन्ही संकटं एकाच वेळी असू शकतात. त्याच माणसाच्या डोळ्यात वाहिन्यांचं बेसुमार पीक येतं आणि त्याच माणसाच्या पायात त्यांचा दुष्काळ असतो. हा विरोधाभास समजून घेतल्याशिवाय पुढचं संशोधन कशासाठी चाललं आहे ते कळत नाही.

डोळ्याची गोष्ट अशी घडते. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की दृष्टिपटलातल्या केशवाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी मरू लागतात. भिंती कमजोर होऊन पाझरतात, काही वाहिन्या बंद पडतात. पडद्याचा तो तुकडा प्राणवायूसाठी तळमळतो आणि मदतीची रासायनिक हाक देतो. ती ऐकून नव्या वाहिन्या फुटतात, पण कच्च्या, वेड्यावाकड्या, सहज फुटणाऱ्या. त्या फुटल्या की डोळ्यापुढे काळे ठिपके, जाळी, आणि कधीकधी एका सकाळी त्या डोळ्याने काहीच दिसत नाही.

ती हाक कसली, हा प्रश्न फार जुना आहे. उपाशी पडदा एखादं द्रव्य सोडत असावा, असा अंदाज नेत्रतज्ज्ञ आयझॅक मायकलसन यांनी 1948 सालीच मांडला होता. 1971 मध्ये बोस्टनचे शल्यविशारद जुडा फोकमन यांनी कर्करोगाच्या गाठीही असंच द्रव्य सोडून स्वतःसाठी रक्तवाहिन्या ओढून घेतात आणि ते अडवलं तर गाठ उपाशी मारता येईल, असं लिहिलं. तेव्हा त्यांच्यावर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. 1983 मध्ये हॅरल्ड ड्वोरॅक यांच्या प्रयोगशाळेला वाहिन्या पाझरायला लावणारं एक प्रथिन सापडलं. 1989 मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओन फेरारा यांनी वाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं काढलं. दोन्ही एकच निघाली. त्याचं आजचं नाव व्हीईजीएफ. त्याला अडवणारं पहिलं औषध, बेव्हॅसिझुमॅब, 2004 मध्ये कर्करोगासाठी आलं. 2006 मध्ये त्याचंच भावंड रॅनिबिझुमॅब डोळ्यासाठी आलं. आज पुण्या-कोल्हापुरातल्या रेटिनातज्ज्ञांकडे डोळ्यात जी इंजेक्शनं दिली जातात ती याच घराण्यातली. त्यांनी लाखो लोकांची नजर वाचवली आहे, यात शंका नाही. पण इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, महाग पडतं, आणि बहुतेकदा बिघाड झाल्यावरच सुरू होतं.

पेशीला प्राणवायू कमी पडला की व्हीईजीएफ कसं वाढतं, याचा उलगडा करणाऱ्या तिघांना 2019 चं नोबेल मिळालं. तिथे गोष्ट संपली असं वाटावं. पण प्राणवायू भरपूर असतानाही शरीर काही ठिकाणी वाहिन्या वाढवतं, आणि कमी असतानाही काही ठिकाणी वाढू देत नाही. हा निर्णय दुसरं कुणीतरी घेत असतं.

०००

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे बांधून पाणी वाटण्याची जुनी फड पद्धत आहे. तिथे पाटकरी नावाचा माणूस असतो. पाणी त्याचं नसतं, शेतही त्याचं नसतं. निरोप आला की कुठल्या फडाकडे पाट उघडायचा आणि कुठला बंद करायचा एवढं तो पाहतो. न्यूक्लिअर रिसेप्टर हे पेशीच्या केंद्रकातले पाटकरी आहेत. माणसात त्यांचे 48 प्रकार आहेत. बहुतेकांच्या अंगात एक खोबण असते, तिथे निरोप येऊन बसतो; आणि दुसऱ्या टोकाला जस्ताच्या अणूंनी घट्ट धरलेली दोन बोटं असतात, ती डीएनएवरची ठरावीक जागा पकडतात. निरोप बसला की रिसेप्टरचा आकार बदलतो, मदतनीस प्रथिनं गोळा होतात आणि त्या जागेजवळचं जनुक चालू किंवा बंद होतं.

निरोप घेऊन येणारे रेणू आपल्या ओळखीचे आहेत. इस्ट्रोजेन, कॉर्टिसॉल, थायरॉइडचं संप्रेरक, ड जीवनसत्त्व, अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनॉइक आम्ल, पित्ताम्लं, आणि जेवणातल्या तेला-तुपातून येणारी मेदाम्लं. ही सारी मेदात विरघळणारी, त्यामुळे पेशीच्या भिंतीतून सहज आत शिरणारी. आपण काय खाल्लं, उन्हात गेलो का, घाबरलो का, पाळीचा कितवा दिवस आहे, या सगळ्याची वर्दी थेट जनुकांपर्यंत पोचवणारी ही व्यवस्था आहे. जीवशास्त्रात मला याहून विलक्षण काही वाटत नाही.

तिचा शोध शिकागो विद्यापीठातल्या एल्वुड जेन्सन यांच्यापासून सुरू होतो. 1950 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी किरणोत्सारी हायड्रोजन जोडलेलं इस्ट्रोजेन कोवळ्या उंदरांच्या माद्यांना दिलं आणि ते कुठे जातं याचा माग काढला. सगळीकडे ते आलं आणि गेलं, गर्भाशयात मात्र टिकून राहिलं. म्हणजे तिथे त्याला धरून ठेवणारं काहीतरी होतं. 1985 मध्ये सॉल्क इन्स्टिट्यूटच्या रॉनल्ड इव्हान्स यांच्या गटाने कॉर्टिसॉलच्या रिसेप्टरचं जनुक उलगडलं; फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गमध्ये पिएर शांबाँ इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरवर तेच करत होते. जनुकांची अक्षरं जुळवली तेव्हा दिसलं की हे सारे एकाच कुळातले आहेत. 2004 चा लास्कर पुरस्कार या तिघांना मिळून मिळाला.

कूळ कळल्यावर अनोळखी नातेवाईकही सापडू लागले. 1988 मध्ये इव्हान्स यांच्याच प्रयोगशाळेत व्हिन्सेंट जिग्वेर यांना इस्ट्रोजेनच्या रिसेप्टरसारखे दिसणारे पण इस्ट्रोजेनला ओळखसुद्धा न देणारे दोन रिसेप्टर मिळाले. कुणाचा निरोप ते घेतात हे कळेना, म्हणून त्यांना ‘अनाथ’ म्हटलं गेलं. पुढे तिसरं भावंड मिळालं. ईआरआर अल्फा, बीटा आणि गॅमा. यातला गॅमा लक्षात ठेवा.

०००

न्यूक्लिअर रिसेप्टर वाहिन्यांवर हुकमत चालवतात याचा सगळ्यात जुना पुरावा निम्म्या मानवजातीच्या शरीरात दर महिन्याला घडतो. पाळी येऊन गेली की गर्भाशयाचं अस्तर नव्याने उभं राहतं, आणि त्यासोबत त्यातल्या नागमोडी रक्तवाहिन्याही. या बांधणीमागे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांचे रिसेप्टर असतात. निरोगी प्रौढ शरीरात इतक्या नियमाने वाहिन्या वाढण्याची आणि मोडण्याची दुसरी जागा बीजकोषाखेरीज नाही.

उलट बाजू कॉर्टिसॉलची. बाळाच्या अंगावर कधीकधी लालभडक, उंचवट्याचा डाग येतो आणि पहिल्या काही महिन्यांत भराभर वाढतो. तो रक्तवाहिन्यांचा गुंता असतो. अनेक दशकं त्याच्यावर स्टेरॉइड दिली जात आणि बऱ्याच बाळांना गुण येई. 2010 मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी दाखवलं की त्या डागातल्या मूळपेशींमध्ये स्टेरॉइड व्हीईजीएफचं जनुक दाबतं. म्हणजे रिसेप्टर वाहिन्यांना ‘थांबा’ही म्हणू शकतो. डोळ्याच्या पडद्याचा मध्यबिंदू सुजला की आजही काही रुग्णांच्या डोळ्यात स्टेरॉइडचं रोपण करतात ते याच आधारावर. मात्र त्याने मोतीबिंदू आणि काचबिंदू यांचा धोका वाढतो.

०००

आता स्नायूकडे वळू, कारण या विषयातलं जे नाव मराठी वाचकाने लक्षात ठेवावं ते, विहंग नारकर, इथे येतं.

कोंबडीच्या तंगडीचं मांस गडद असतं आणि छातीचं फिकट. तंगडी दिवसभर राबते, तिथले तंतू मंद पण न थकणारे असतात, त्यांच्यात केशवाहिन्यांची दाटी असते. माणसाच्या स्नायूंतही हे दोन्ही प्रकारचे तंतू असतात. मंद तंतूंना आधीपासूनच जास्त रक्तपुरवठा का, हे कुणी ठरवलं? ते तर धावायच्या आधीपासून तसे असतात.

2008 मध्ये बोस्टनमध्ये झोल्टन अरानी आणि ब्रूस स्पिगेलमन यांच्या गटाने पहिलं मोठं उत्तर दिलं. व्यायामाने स्नायूत पीजीसी-1 अल्फा नावाचं मदतनीस प्रथिन वाढतं; ते ईआरआर अल्फाशी हातमिळवणी करून व्हीईजीएफचं जनुक चालू करतं, आणि तेही प्राणवायूच्या त्या प्रसिद्ध वाटेला वळसा घालून. त्याच वर्षी सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये इव्हान्स यांच्याकडे काम करणारे विहंग नारकर यांचा ‘सेल’ या नियतकालिकातला शोधनिबंध गाजला. बसून राहणाऱ्या उंदरांना एआयसीएआर नावाचं द्रव्य चार आठवडे दिलं तर ते 44 टक्के जास्त पळू शकले. आणि पीपीएआर डेल्टा या न्यूक्लिअर रिसेप्टरला जागं करणारं औषध व्यायामासोबत दिलं तर व्यायामाचा परिणाम आणखी वाढला.

नारकर पुढे ह्यूस्टनच्या टेक्सस विद्यापीठाच्या आरोग्य विज्ञान केंद्रात गेले. 2011 मध्ये ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ईआरआर गॅमाची गोष्ट मांडली. हा रिसेप्टर मंद, लाल तंतूंमध्ये भरपूर असतो. त्यांनी उंदरांच्या जलद, फिकट तंतूंमध्येही तो जनुकीय बदलाने घातला. ते तंतू लालसर झाले, त्यांच्यात मेद जाळण्याची ताकद आली आणि केशवाहिन्यांचं जाळं दाट झालं. या उंदरांना व्यायाम करायला लावलेलाच नव्हता, आणि पीजीसी-1 अल्फाचीही गरज पडली नाही. स्नायूचं इंधन आणि त्याचा रक्तपुरवठा या दोन्हींचा हिशेब एकच रिसेप्टर एकत्र ठेवतो, हा त्या कामाचा गाभा. पुढच्याच वर्षी या गटाने उंदराच्या एका पायाची मुख्य धमनी बांधून पाहिली. ज्या स्नायूत ईआरआर गॅमा जादा होता तिथला रक्तपुरवठा लवकर परत आला.

गँगरीनमुळे पायाचं बोट, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय कापावा लागलेले मधुमेही आपल्या गावागावांत आहेत. त्यांच्यासाठी या उंदराच्या पायाचं मोल किती आहे ते सांगायला नको. व्हीईजीएफ नुसतं टोचून पायातल्या वाहिन्या वाढवण्याचे प्रयत्न माणसांवर झाले आहेत आणि त्यांनी मोठी निराशा केली आहे. एकट्या व्हीईजीएफने वाढलेल्या वाहिन्या बऱ्याचदा गळक्या निघतात. रिसेप्टर अनेक जनुकं एकत्र चालवतो, म्हणून त्याच्याकडून जास्त आशा आहे.

पण इथेच सावधही राहायला हवं. 2008 च्या त्या निबंधानंतर वर्तमानपत्रांनी ‘व्यायामाची गोळी’ म्हणून डांगोरा पिटला. पीपीएआर डेल्टाचं ते औषध, जीडब्ल्यू501516, मूळ औषध कंपनीने सोडून दिलं होतं, कारण प्राण्यांमध्ये त्याने अनेक अवयवांत कर्करोग झाला. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2009 पासून ते बंदी यादीत घातलं आणि 2013 मध्ये त्याच्या विषारीपणाबद्दल खेळाडूंना जाहीर इशारा दिला. तरीही ‘कार्डारिन’ या नावाने ते इंटरनेटवर विकलं जातं आणि व्यायामशाळांत जाणारी तरुण मुलं ते घेतात. आपल्या ओळखीत कुणी घेत असेल तर त्याला स्पष्ट शब्दांत थांबवा.

स्नायूत वाहिन्या वाढवण्याचा सुरक्षित मार्ग आजही चालणं हाच आहे. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या रुग्णाला डॉक्टर देखरेखीखाली चालायला लावतात: पोटरी दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखणं ओसरलं की पुन्हा चाला. काही महिन्यांत न दुखता कापता येणारं अंतर वाढतं. जखम असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच.

०००

आणि डोळा. फायब्रेट औषधांचा इतिहास उलटा आहे: औषध आधी, कारण मागाहून. क्लोफायब्रेट 1960 च्या दशकापासून दिलं जात होतं, फ्रान्समध्ये तयार झालेलं फेनोफायब्रेट 1970 च्या दशकापासून. ती चरबी कशी उतरवतात हे कुणालाच माहीत नव्हतं. 1990 मध्ये इंग्लंडमध्ये इझाबेल इसमान आणि स्टीफन ग्रीन यांनी उंदराच्या यकृतातून एक न्यूक्लिअर रिसेप्टर शोधला, जो या औषधांनी जागा होतो. तो पीपीएआर अल्फा. मेदाम्लं हा त्याचा नैसर्गिक निरोप.

2005 मध्ये ‘फील्ड’ या चाचणीचे निष्कर्ष आले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फिनलंडमधल्या 9,795 मधुमेहींवर फेनोफायब्रेटने हृदयविकार टळतो का हे पाहायचं होतं. मुख्य उत्तर निराशाजनक होतं. हृदयाच्या घटनांत ठाम फरक पडला नाही. पण डोळ्यांची नोंद वेगळीच निघाली. 2007 मध्ये अँथनी कीच आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की फेनोफायब्रेट घेणाऱ्यांत डोळ्याच्या लेझर उपचाराची गरज सुमारे 31 टक्क्यांनी कमी झाली. आणि रक्तातल्या चरबीच्या आकड्यांशी या फायद्याचा मेळ बसत नव्हता. म्हणजे औषध पडद्यावर दुसऱ्या कुठल्यातरी मार्गाने काम करत होतं.

2010 मध्ये अमेरिका-कॅनडातल्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीचा डोळ्यांचा भाग आला. चार वर्षांत पडद्याचा आजार पुढे सरकला तो स्टॅटिनसोबत फेनोफायब्रेट घेणाऱ्यांपैकी 6.5 टक्के लोकांत, नुसतं स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 10.2 टक्के लोकांत. कारणाचा शोध ओक्लाहोमात जियान-शिंग मा यांच्या प्रयोगशाळेत लागला. मधुमेहात पडद्यातला पीपीएआर अल्फा घटतो. हा रिसेप्टरच नसलेल्या उंदरांत वाहिन्यांचं नुकसान जास्त होतं. तो वाढवला तर पाझर आणि दाह कमी होतो. त्यांचे निष्कर्ष 2013 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने मधुमेहातल्या दृष्टिपटलविकारासाठी फेनोफायब्रेटला अधिकृत मान्यता दिली.

तरीही संशयाला जागा होती, कारण या दोन्ही चाचण्या मुळात डोळ्यासाठी नव्हत्या. ती उणीव स्कॉटलंडने भरून काढली. तिथे 12 वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेह्याला सरकार आपणहून बोलावून पडद्याचा फोटो काढतं. त्याच यंत्रणेचा वापर करून ‘लेन्स’ नावाची चाचणी झाली: पडद्यावर सुरुवातीचा बिघाड असलेले 1,151 जण, सुमारे चार वर्षं. जून 2024 मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तज्ज्ञाकडे पाठवण्याइतका किंवा उपचार लागण्याइतका आजार फेनोफायब्रेट घेणाऱ्या 22.7 टक्के लोकांत वाढला, नुसत्या बनावट गोळीवर असलेल्या 29.2 टक्के लोकांत. धोका सुमारे 27 टक्क्यांनी कमी. दृष्टीच्या तीक्ष्णतेत तेवढ्या काळात फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. आणि या औषधाने क्रिएटिनिन वाढतं, म्हणून मूत्रपिंडाचं काम कमी असलेल्यांना ते जपून किंवा कमी वेळा द्यावं लागतं.

अमेरिकेत डोळ्यासाठी या औषधाला अजून मान्यता नाही, आपल्याकडेही ते ट्रायग्लिसराइडसाठीच ओळखलं जातं. पेटंट कधीच संपलेलं, स्वस्तात मिळणारं औषध. त्याच्या नव्या उपयोगासाठी खर्च करण्यात कुणाही कंपनीला फारसा लाभ नाही. माझ्या मते तीन चाचण्यांनंतर हा विषय डॉक्टर आणि रुग्ण यांच्यात किमान बोलला तरी गेला पाहिजे. तो बोललाच जात नाही, कारण ट्रायग्लिसराइड पाहणारा डॉक्टर वेगळा आणि पडदा पाहणारा वेगळा.

०००

या सगळ्यात बेलव्ह्यूचा संबंध गोळ्यांच्या पिशवीपुरताच नाही. आज जिथे काचेचे मनोरे आहेत तिथे शंभर वर्षांपूर्वी जपानी कुटुंबं जंगलाचे खुंट उपटून शेती करत होती. त्यांच्या स्ट्रॉबेरीच्या जोरावर 1925 पासून गावात स्ट्रॉबेरीचा उत्सव भरे. 1942 मध्ये युद्धाच्या भीतीने सरकारने ही सारी कुटुंबं छावण्यांत डांबली आणि उत्सव बंद पडला. पुढे 1983 पासून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विल्फ्रेड फुजिमोतो यांनी बेलव्ह्यू ज्यात येतं त्या किंग परगण्यातल्या जपानी वंशाच्या लोकांचा दीर्घकाळ अभ्यास केला. दिसायला सडसडीत असलेल्या या लोकांत मधुमेह जपानमधल्यांपेक्षा बराच जास्त होता, आणि त्याचं भाकीत वजनापेक्षा पोटाच्या आत साठलेली चरबी चांगलं करत होती.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आपल्याबद्दल हेच सांगत आले आहेत. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी आपले ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांच्यासोबतचं स्वतःचं छायाचित्र छापलं. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आपली चरबी बारीक अंगात लपून बसते. ती कुठे आणि किती साठवायची हे ठरवण्यात पीपीएआर गॅमा या आणखी एका रिसेप्टरचा मोठा वाटा आहे, आणि चरबीची वाढ होते तिथे तिला रक्तवाहिन्याही लागतात. मधुमेहावरचं पायोग्लिटाझोन हे औषध याच रिसेप्टरला जागं करतं. साखर उतरते, पण अंगावर पाणी चढतं, काहींच्या पडद्याच्या मध्यबिंदूलाही सूज येते. 2013 च्या जूनमध्ये भारत सरकारने पायोग्लिटाझोनची विक्री थांबवली आणि पुढच्याच महिन्यात इशाऱ्यासह पुन्हा सुरू केली. त्याच जूनमध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने शोधलेलं, पीपीएआर अल्फा आणि गॅमा दोघांनाही जागं करणारं सारोग्लिटाझार भारतात मंजूर झालं. पडदा जपण्यात फेनोफायब्रेटसारखा त्याचा उपयोग होतो का, हे माणसांवर मोठ्या चाचणीने तपासण्याची योग्य जागा भारतच आहे. ही चाचणी आपल्या संस्थांनी हाती घ्यावी.

स्कॉटलंडसारखं प्रत्येक मधुमेह्याला घरी पत्र पाठवून बोलावणारी सार्वत्रिक व्यवस्था आपल्याकडे नाही, म्हणून हे काम घरच्यांनी करायचं आहे. टाइप 2 मधुमेहाचं निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी डोळ्यात थेंब टाकून पडद्याची तपासणी व्हायला हवी. टाइप 1 असेल तर निदानानंतर पाच वर्षांनी सुरुवात करून दरवर्षी. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे ही तपासणी नव्हे. नजर स्वच्छ आहे म्हणून ती टाळू नका, कारण मध्यबिंदूपर्यंत बिघाड पोचेतो दिसणं चांगलंच राहतं. परदेशी मुलांकडे जाणार असाल तर निघण्याआधीच ती उरका. पाहुण्यांसाठीचे बहुतेक प्रवासविमे आधीपासूनच्या आजाराचा खर्च देत नाहीत. आणि पडद्यावर सुरुवातीचे बदल आहेत असं तज्ज्ञांनी सांगितलं, तर तो अहवाल आणि ताजं क्रिएटिनिन घेऊन आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांकडे जा आणि विचारा की मला फेनोफायब्रेट चालेल का. स्वतःहून मात्र ते सुरू करू नका.